आवाज आला कुठून?

कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघरात हमखास प्रश्न येतो, "आपली की शेजारच्यांची?" घरात हरवलेला मोबाइल वाजत असतो, रिंग स्पष्ट ऐकू येत असते, आणि तरी माणूस उशा उचकटत खोलीभर फिरत राहतो. रातकिड्याचं तर विचारूच नका. कोपऱ्यात आहे म्हणून तिकडे जावं, तर आवाज पलीकडच्या भिंतीकडून येऊ लागतो. पण भर बाजारात मागून कुणी ओळखीच्या माणसानं हाक मारली, की मान बरोबर त्याच दिशेला वळते, तीही विचार करायच्या आत.

कान तेच, डोकं तेच. मग आवाजाची जागा कधी इतकी नेमकी कळते आणि कधी अजिबात कळत नाही, असं का? या प्रश्नाचं उत्तर कानापेक्षा मेंदूत जास्त आहे. मेंदू काही ठरावीक खुणांवरून आवाजाची जागा काढतो. त्या खुणा मिळाल्या नाहीत की तो चुकतो. आणि त्याच खुणा कुणी मुद्दाम पुरवल्या, तर जिथे काहीच नाही तिथूनही त्याला आवाज येऊ लागतो. सिनेमागृहातला आणि हेडफोनमधला सगळा खेळ त्यावरच चालतो.

१. कानात नकाशा नसतो

डोळ्याचं काम या बाबतीत सोपं आहे. समोर डावीकडे झाड आणि उजवीकडे घर असेल, तर डोळ्याच्या आतल्या पडद्यावरही त्यांची चित्रं वेगवेगळ्या जागी पडतात. कुठली वस्तू कुठे आहे, हे चित्रातच लिहिलेलं असतं.

कानाचा पडदा मात्र आत-बाहेर हलतो, एवढंच. रस्त्यावरची रिक्षा, वरच्या मजल्यावरचा पंखा, शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं, सगळ्यांची मिळून एकच थरथर त्या पडद्यावर होते. पुढे आतल्या कानात, शंखाकृती नळीत, या थरथरीची वर्गवारी होते खरी, पण ती स्वराच्या उंचीनुसार होते. हवा एका सेकंदात किती वेळा थरथरते ती आवाजाची कंप्रता, आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. खर्जातले आवाज शंखाच्या एका टोकाला जाणवतात, उंच पट्टीतले दुसऱ्या टोकाला. उजवीकडचे इकडे आणि डावीकडचे तिकडे अशी सोय कानात कुठेच नाही.

म्हणजे दिशा कानाला ऐकू येत नाही. ती मेंदूला हिशेब करून काढावी लागते.

२. तीन मिलिमीटरचा हिशेब

पहिली खूण वेळेची. आवाज बरोबर उजवीकडून आला, तर तो उजव्या कानात आधी पोहोचतो. डाव्या कानापर्यंत जायला त्याला डोक्याला वळसा घालावा लागतो. मोठ्या माणसाच्या डोक्याचा आकार धरला, तर हा जादा रस्ता साधारण २२ सेंटीमीटरचा होतो. २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. ०.२२ ला ३४३ ने भागलं की ०.०००६४ सेकंद येतात. सेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोसेकंद. त्या मापात हे झाले ६४० मायक्रोसेकंद. दोन कानांमधला वेळेचा हा जवळपास सर्वांत मोठा फरक. याहून जास्त फरक पडूच शकत नाही, कारण डोकं याहून मोठं नसतं.

आता आवाज बरोबर समोर आहे असं समजा आणि तो फक्त एक अंश उजवीकडे सरकवा. दोन कानांच्या रस्त्यांत फरक पडतो अवघा तीन मिलिमीटरचा, आणि वेळेत सुमारे नऊ मायक्रोसेकंदांचा. निरोगी कानांच्या माणसाला समोरच्या आवाजात एका अंशाच्या आसपासचा बदल ओळखता येतो, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. चेतापेशीतून जाणारा विजेचा एक ठोका साधारण एक मिलिसेकंद, म्हणजे हजार मायक्रोसेकंद टिकतो. ज्या पेशींचा एकेक ठोका हजार मायक्रोसेकंदांचा, त्याच पेशींच्या जोरावर मेंदू दहा मायक्रोसेकंदांचा फरक पकडतो. शरीरातल्या इतक्या कामांपैकी वेळेची एवढी काटेकोर मोजणी क्वचितच कुठे होत असेल.

ही खूण खरोखर वापरली जाते, हे दाखवणाऱ्यांत इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले अग्रणी होते. आरगॉन वायूच्या शोधाबद्दल १९०४ साली नोबेल मिळालेले हेच ते रॅले. १९०७ सालच्या लेखात त्यांनी वर्णन केलेला प्रयोग असा: एकमेकांशी किंचित बेसूर असलेले दोन नादकाटे घ्यायचे, आणि एकाचा नाद फक्त उजव्या कानात, दुसऱ्याचा फक्त डाव्या कानात सोडायचा. दोन्ही नाद कधी जुळतात, कधी एक पुढे जातो, कधी दुसरा. ऐकणाऱ्याला वाटतं की एकच आवाज डोक्याच्या या बाजूकडून त्या बाजूकडे हळूहळू झुलतो आहे. प्रत्यक्षात काहीच हललेलं नसतं. बदलतो तो फक्त दोन कानांमधला वेळेचा फरक.

३. डोक्याची सावली

वेळेची खूण उंच पट्टीत मात्र निकामी ठरते. ५०० हर्ट्झच्या स्वराची एक लाट पुरी व्हायला २००० मायक्रोसेकंद लागतात. त्यात ६४० मायक्रोसेकंदांची पिछाडी स्पष्ट दिसते. ५००० हर्ट्झच्या स्वराची लाट २०० मायक्रोसेकंदांतच पुरी होते. डाव्या कानाला ६४० मायक्रोसेकंद उशीर होईपर्यंत उजव्या कानातून तीन लाटा निघून गेलेल्या असतात. या कानातली कुठली लाट त्या कानातल्या कुठल्या लाटेची जोडीदार, हे ठरवायचं कसं? साधारण १५०० हर्ट्झच्या वर एकसुरी स्वरासाठी हा गोंधळ सुरू होतो.

तिथे दुसरी खूण कामाला येते. ५००० हर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम सात सेंटीमीटर असते आणि त्या मानाने डोकं मोठं असतं. त्यामुळे पलीकडच्या कानावर डोक्याची सावली पडते आणि आवाज तिथे क्षीण पोहोचतो. खूप उंच स्वरांत हा फरक २० डेसिबेलपर्यंतही जातो. २०० हर्ट्झची लाट पावणेदोन मीटर लांब असते, ती डोक्याला न जुमानता वळून जाते. म्हणून खर्जाची दिशा वेळेवरून आणि उंच स्वरांची दिशा जोरावरून, अशी वाटणी रॅले यांनी मांडली. ढोबळ मानाने ती आजही टिकून आहे.

या दोन प्रदेशांच्या सीमेवर थोडी पडीक जमीन आहे. १९३६ साली हार्वर्ड विद्यापीठात स्टॅन्ली स्टीव्हन्स आणि एडविन न्यूमन यांनी ती मोजली. भिंतींचे प्रतिध्वनी नकोत म्हणून त्यांनी इमारतीच्या गच्चीवर उंच खुर्ची उभारली, ऐकणाऱ्याला डोळे झाकून तिच्यावर बसवलं आणि भोवती वेगवेगळ्या दिशांनी एकसुरी स्वर वाजवले. सर्वांत जास्त चुका ३००० हर्ट्झच्या आसपास झाल्या. तिथे वेळेची खूण संपलेली असते आणि सावली अजून पुरती पडलेली नसते. अनेक रातकिड्यांचा स्वर याच्याच शेजारपाजारचा, चार-पाच हजार हर्ट्झचा, आणि शिवाय जवळजवळ एकसुरी. तो दोन बाजूंना भासतो ते यामुळे.

ज्या आवाजात बऱ्याच कंप्रता मिसळलेल्या असतात आणि जो तुटक तुटक पुन्हा सुरू होतो, त्याची जागा मात्र पटकन कळते. एकाच आवाजात मेंदूला दोन्ही प्रकारच्या खुणा मिळतात, आणि प्रत्येक नव्या सुरुवातीबरोबर त्या ताज्या होतात. अंधांच्या क्रिकेटचा चेंडू बघा. प्लास्टिकच्या चेंडूत छर्रे भरलेले असतात आणि तो अंडरआर्म, जमिनीलगत टाकतात. त्याची खुळखुळ फलंदाजापर्यंत येईतो थांबत नाही, आणि त्या खुळखुळीवर फलंदाज स्वीपचा फटका मारतो. मागे येणाऱ्या ट्रकचा टीं-टीं असा एकसुरी इशारा नेमका कुठून येतो हे कळत नाही, म्हणून काही ठिकाणी आता फस्‌-फस्‌ असा खरखरीत इशारा लावतात. आपल्याकडच्या रस्त्यांवर तो जितक्या लवकर येईल तितकं बरं.

४. मेंदूतली गल्ली

वेळेचा फरक मेंदू मोजतो कसा? १९४८ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लॉइड जेफ्रेस यांनी एक सुंदर कल्पना सुचवली.

एका अरुंद गल्लीच्या दोन टोकांकडून दोन मुलं एकमेकांकडे धावत सुटली आहेत. दोघांचा वेग सारखा. दोघं एकाच क्षणी निघाली तर ती बरोबर मधल्या घरासमोर भेटतील. उजवीकडचा मुलगा आधी निघाला असेल तर तो जास्त अंतर कापेल आणि भेट डावीकडच्या एखाद्या घरासमोर होईल. म्हणजे भेट कुठल्या घरासमोर झाली एवढं पाहिलं, तर कोण किती आधी निघालं हे घड्याळ न बघता सांगता येतं.

जेफ्रेस यांच्या कल्पनेत गल्ली म्हणजे चेतातंतू, आणि ओळीनं उभी असलेली घरं म्हणजे चेतापेशी. प्रत्येक पेशी दोन्ही कानांकडून एकाच क्षणी ठोका आला तरच जागी होते. कुठली पेशी जागी झाली त्यावरून दिशा कळते. वेळेचं रूपांतर जागेत झालं.

ही गल्ली प्रत्यक्षात सापडली ती गव्हाणी घुबडात. जुन्या वाड्यांत, धान्याच्या कोठारांत राहणारं, बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचं हे घुबड आपल्याकडेही आहे. पुढे देवमाशांच्या गाण्यांसाठी जगभर नाव झालेले रॉजर पेन यांनी तरुणपणी या घुबडावर काम केलं. पूर्ण अंधाऱ्या खोलीतही ते पाचोळ्यातल्या उंदरावर अचूक झडप घालतं, हे त्यांनी दाखवलं. ते वासानं किंवा शरीराच्या उष्णतेनं उंदीर ओळखत असेल का? पेन यांनी उंदराच्या मागे कागदाचा बोळा बांधून ओढायला लावला. घुबडानं झडप घातली ती खसखसणाऱ्या कागदावर. उंदीर शाबूत राहिला.

पुढे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत मासाकाझु कोनिशी आणि एरिक नुडसन यांनी १९७८ साली घुबडाच्या मेंदूत आवाजाच्या दिशांचा चक्क नकाशा दाखवला. शेजारच्या पेशी, शेजारच्या दिशा. त्यानंतर दहा-बारा वर्षांत कॅथरीन कार आणि कोनिशी यांना जेफ्रेस यांनी कल्पिलेली गल्लीही सापडली. घुबडाकडे आणखी एक जादा सोय आहे. त्याच्या दोन कानांची भोकं एका पातळीवर नसतात. त्यामुळे आवाज वरून येतो की खालून, हे त्याला दोन कानांतल्या जोराच्या फरकावरूनच कळतं.

माणसातही हीच व्यवस्था असेल असं कित्येक वर्षं गृहीत धरलं गेलं. गिनीपिग आणि जर्बिल या छोट्या सस्तन प्राण्यांवरच्या प्रयोगांनी २००१-०२ च्या सुमारास त्याला धक्का दिला. त्यांच्या मेंदूत घरांची लांब ओळ ठळक दिसत नाही. डावीकडचा एक मोठा गट आणि उजवीकडचा एक मोठा गट, आणि दोहोंपैकी कोण किती जोरानं बोलतो त्याची तुलना, अशी व्यवस्था तिथे असावी. माणसाबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. पण दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे: हा हिशेब मेंदूच्या देठात, जाणिवेच्या फार खाली होतो. आपल्याला हिशेब कधीच दिसत नाही. उत्तर तेवढं हाती येतं, आणि तेही बाहेरच्या जगात ठेवलेलं.

५. पुढे की मागे, वर की खाली

आता एक अडचण. बरोबर समोरचा आवाज आणि बरोबर मागचा आवाज, दोन्ही दोन कानांत एकाच वेळी आणि सारख्याच जोरानं पोहोचतात. डोक्यावरचाही तसाच. मग फरक कळतो कसा?

एक उपाय मान वळवायचा. हान्स वालाख यांनी १९४० साली हे प्रयोगांनी मांडलं. मान थोडी उजवीकडे वळवली तर समोरचा आवाज डाव्या कानाकडे झुकतो आणि मागचा उजव्या कानाकडे. आवाज ऐकून आपण नकळत मान तिरकी करतो, ती उगाच नाही.

दुसरा उपाय बाहेरच्या कानाच्या वळ्यांचा. या वळ्यांवर आदळून आवाजाचा काही भाग किंचित उशिरानं कानाच्या भोकात शिरतो आणि थेट आलेल्या आवाजात मिसळतो. त्यामुळे उंच पट्टीतल्या काही कंप्रता दबतात, काही उठून दिसतात. आवाज वर-खाली सरकला की दबणारी कंप्रताही सरकते. घरी करून बघता येईल. डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी किल्ल्यांचा जुडगा तुमच्या हनुवटीपासून डोक्यावरून मागेपर्यंत वेगवेगळ्या जागी वाजवायला सांगा. मग बोटांनी कानाच्या वरच्या वळ्या दाबून, भोक मोकळं ठेवून तेच पुन्हा करा. डावं-उजवं कळत राहील, वर-खाली मात्र गडबडेल.

प्रत्येकाचे कान वेगळे, त्यामुळे या खुणाही प्रत्येकाच्या वेगळ्या. याचा अर्थ असा की मेंदूनं स्वतःच्या कानांची भाषा कधीतरी शिकलेली असते. नेदरलँड्समधल्या नायमेखन विद्यापीठात पॉल होफमन, जॉन फान ओपस्टाल आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली याची कसोटी घेतली. चार प्रौढांच्या दोन्ही कानांच्या खोलगट भागात साचे बसवून त्यांनी कानांचा आकारच बदलून टाकला. त्याबरोबर वर-खालीची जाण पार कोसळली. डाव्या-उजव्याला धक्का लागला नाही. साचे दिवसभर कानात ठेवून ही माणसं आपापली कामं करत राहिली. काही आठवड्यांत वर-खालीची जाण हळूहळू परतली. मला यापुढचा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. साचे काढल्यावर जुने कान पुन्हा शिकावे लागले नाहीत. पहिल्याच चाचणीत उत्तरं बरोबर आली. मेंदूनं नवी भाषा शिकताना जुनी पुसली नव्हती; दोन्ही जवळ ठेवल्या होत्या.

६. पहिला येईल तो खरा

बंद खोलीत आवाज आपल्याकडे एका वाटेनं येत नाही. थेट येतो, मग फरशीवरून येतो, छतावरून येतो, चारी भिंतींवरून येतो. तरी समोरच्याचं बोलणं आपल्याला त्याच्या तोंडातूनच ऐकू येतं. याचं कारण मेंदू सर्वांत आधी पोहोचलेल्या लाटेवरून जागा ठरवतो आणि पुढच्या काही क्षणांत येणाऱ्या नकलांना दिशेच्या बाबतीत मत देत नाही. १९४९ च्या सुमारास वालाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत आणि हेल्मुट हास यांनी जर्मनीत हे स्वतंत्रपणे दाखवलं. हास यांना आढळलं की बोलण्याची नक्कल पाच ते तीस मिलिसेकंद उशिरा आली, तर ती मूळ आवाजापेक्षा दहा डेसिबेल मोठी असली तरी वेगळी ऐकू येत नाही.

कुकरच्या शिट्टीचं कोडं इथे सुटतं. शेजारच्यांचा कुकर भिंतीआड असतो. त्याच्या आवाजाची सर्वांत जवळची मोकळी वाट खिडकीतून येते. आपल्याकडे पहिली लाट खिडकीतून शिरते, म्हणून मेंदू शिट्टीची जागा खिडकीतच ठरवतो. आपला गॅसही खिडकीशी असेल तर बोलणंच संपलं. मोबाइलचंही असंच. तो गादीखाली गेला की थेट वाट बंद होते आणि पहिली लाट भिंतीवरून येते.

मैदानावरच्या सभेत साउंडवाले याच गुणाचा उपयोग करतात. समजा, मंचापासून ३४ मीटरवर मागच्या लोकांसाठी स्पीकरचा मनोरा लावला आहे. तारेतून आवाज तिथे लगेच पोहोचतो, पण मंचावरून हवेतून यायला त्याला एक दशांश सेकंद, म्हणजे १०० मिलिसेकंद लागतात. मनोरा तसाच सोडला तर तिथल्या माणसाला वक्ता मनोऱ्यात बसला आहे असं वाटतं, आणि थोड्या वेळानं मंचावरून प्रत्येक शब्दाची दुसरी आवृत्ती ऐकू येते. म्हणून त्या मनोऱ्याला १०० मिलिसेकंदांचा डिले देतात, आणि वर आणखी दहा-पंधरा. आता मंचावरची लाट आधी येते. जोर मनोऱ्याचा असतो, पण आवाज मंचावरून आल्यासारखा वाटतो.

७. डोळ्यांचा शब्द वरचढ

शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा बाहुला अर्धवटराव बोलतो तेव्हा आवाज बाहुल्याच्या तोंडातून येतो असं वाटतं. कलावंत आवाज फेकतो असं लोक म्हणतात. आवाज फेकता येत नाही. तो कलावंताच्या गळ्यातूनच येत असतो. कलावंताचे ओठ स्थिर असतात, बाहुल्याचा जबडा शब्दाशब्दाला हलतो, आणि डोळ्यांची साक्ष कानांपेक्षा पक्की मानून मेंदू आवाजाची जागा सरकवतो. डोळ्यांना जागा फार बारकाईनं कळते, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवणं बहुतेक वेळा शहाणपणाचंच असतं.

डोळे कानांना शिकवतातही. नुडसन यांनी घुबडाच्या पिल्लांना समोरचं जग एका बाजूला सरकलेलं दाखवणारे लोलक चष्म्यासारखे लावले. काही आठवड्यांत त्यांच्या मेंदूतला आवाजाचा नकाशाही त्याच बाजूला सरकला. मुलाचं डोकं वाढतं तसा दोन कानांमधला वेळेचा फरक वाढत जातो, आणि आपला मेंदूही वर्षानुवर्षं अशीच दुरुस्ती करत राहतो.

८. दोन स्पीकर, मध्ये गायक

मेंदूला या खुणा मुद्दाम पुरवण्याची विद्या जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात लोक रांगा लावून टेलिफोनचे दोन रिसीव्हर दोन्ही कानांना लावत होते. क्लेमाँ आदेर या अभियंत्यानं ऑपेराच्या मंचाच्या काठावर ओळीनं ध्वनिग्राहक ठेवून त्यांच्या तारा प्रदर्शनापर्यंत आणल्या होत्या. एका कानाला एका बाजूचा, दुसऱ्याला दुसऱ्या बाजूचा. गायक मंचावर फिरताना ऐकू येतो, असं लोक सांगू लागले.

खऱ्या अर्थानं या विद्येचा पाया घातला तो इंग्लंडच्या ॲलन ब्लूमलाइन यांनी. असं सांगतात की बोलपट पाहताना नट पडद्याच्या एका बाजूला आणि आवाज भलतीकडून येतो हे त्यांना खटकलं. डिसेंबर १९३१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी पेटंटचा अर्ज केला. त्यातला विचार बारकाईनं बघण्यासारखा आहे. दोन स्पीकर लावले की प्रत्येक कान दोन्ही स्पीकर ऐकतो. जवळच्या स्पीकरचा आवाज आधी, लांबच्याचा जरा उशिरा. दोन्ही स्पीकर सारख्या जोरानं वाजले तर दोन्ही कानांत बेरीज सारखी होते आणि गायक मधोमध, जिथे स्पीकरच नाही तिथे, उभा राहतो. उजवा स्पीकर थोडा मोठा केला की खर्जाच्या स्वरांत या बेरजेमुळे उजव्या कानातली लाट थोडी पुढे सरकते. म्हणजे स्पीकरमध्ये फरक केला जोराचा, आणि कानांत तो उमटला वेळेचा! मेंदूला हवी ती खूण मिळाली. घरातल्या प्रत्येक स्टीरिओत आज हेच घडतं.

ब्लूमलाइन यांनी हेज स्टेशनवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचं चित्रीकरण करून पडद्याबरोबर सरकणारा आवाज दाखवला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, जून १९४२ मध्ये, रडारच्या चाचणीत विमान कोसळून ते गेले. वय होतं ३८. स्टीरिओ घरोघरी पोहोचलेला त्यांनी पाहिला नाही.

आपल्याकडे 'शोले' (१९७५) मुंबईच्या मिनर्व्हात ७० मिलिमीटरच्या पडद्यावर सहा मार्गांच्या ध्वनीसह गाजला, तेव्हा एका पिढीला हा अनुभव मिळाला. सिनेमागृहाच्या पडद्याजवळ कधी गेलात तर बारीक बारीक भोकं दिसतील. मुख्य स्पीकर पडद्याच्या मागे असतात आणि आवाज त्या भोकांतून येतो. २०१२ साली आलेल्या डॉल्बी ॲटमॉसनं पुढचं पाऊल टाकलं. कुठला आवाज कुठल्या स्पीकरमधून, हे आधी ठरवून ठेवण्याऐवजी आवाजाबरोबर त्याची जागा नोंदवतात: हेलिकॉप्टर आत्ता इथे, इतक्या उंचीवर. त्या जागेसाठी कुठले स्पीकर किती वाजवायचे ते त्या त्या सिनेमागृहातली यंत्रणा ठरवते. छतावर स्पीकर असतात, म्हणून पाऊस वरून पडतो.

९. हेडफोनमधलं सभागृह

साध्या हेडफोनवर गाणं ऐकताना गायक समोर नसतो, डोक्याच्या आत असतो. कानाच्या वळ्यांची खूण नाही, खोलीचे प्रतिध्वनी नाहीत, आणि मान वळवली की सगळा वाद्यवृंद मानेबरोबर फिरतो. बाहेरच्या जगात असं कधी होत नाही, म्हणून मेंदू आवाज बाहेर ठेवत नाही.

उपाय असा, की एखाद्या दिशेनं येणारा आवाज कानाच्या पडद्यापाशी पोहोचेपर्यंत कसकसा बदलतो हे मोजायचं, आणि तोच बदल गाण्यावर करायचा. १९९४ साली एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये बिल गार्डनर आणि कीथ मार्टिन यांनी केमार नावाच्या पुतळ्याच्या कानात ध्वनिग्राहक बसवून भोवतालच्या ७१० जागांसाठी ही मोजमापं घेतली आणि सर्वांना खुली केली. पण केमारचे कान तुमचे नव्हेत. दुसऱ्याच्या कानानं ऐकल्यावर समोरचा आवाज मागे जातो, वरचा खाली येतो. म्हणून आता फोनच्या कॅमेऱ्यानं कानांचं चित्र घेऊन ज्याचा त्याला हिशेब बेतायचे प्रयत्न चालू आहेत; ॲपलनं २०२२ पासून ती सोय दिली आहे. माझ्या मते त्याहून मोठी मदत होते ती मानेचा माग ठेवणाऱ्या संवेदकांची. मान उजवीकडे वळली की यंत्र सगळे आवाज तितकेच डावीकडे सरकवतं, तेही मेंदूला शंका येण्याआधी. गायक मग जागेवर उभा राहतो, आणि वालाख यांनी सांगितलेली जुनी खूण परत मिळाल्याबरोबर पुढे-मागेचा गोंधळही बराचसा मिटतो.

१०. एका कानावर भागत नाही

"एका कानानं नीट ऐकू येतंय ना, मग झालं," असं घराघरांत म्हटलं जातं. गालगुंडानंतर एखाद्या मुलाचा एक कान गेला तरी शांत खोलीत त्याचं अडत नाही, आणि कित्येकदा ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. अडतं ते वर्गात. दोन कान असले की मेंदू बोलण्याची दिशा आणि गोंगाटाची दिशा वेगळी काढून हवं ते उचलू शकतो. एक कान असला की दोन्ही एकाच ढिगात येऊन पडतात. असं मूल लक्ष देत नाही म्हणून बोलणी खातं. त्याला ऐकू येत असतं, पण कोण बोललं, कुठून बोललं, हे शोधण्यातच पुढचं वाक्य निघून जातं. त्याला चांगला कान शिक्षकांकडे आणि खराब कान भिंतीकडे येईल असं बसवलं तर बराच फरक पडतो. याला पैसा लागत नाही. रस्त्यावर मात्र हॉर्न ऐकू आला तरी गाडी कुठल्या बाजूनं येते ते त्याला कळत नाही, आणि हे आईवडिलांना माहीत असायला हवं.

दोन्ही कान कमी झालेल्या आजी-आजोबांना एकाच कानाचं यंत्र घेऊन देण्याची पद्धतही म्हणूनच तपासायला हवी. अर्थात दोन यंत्रांनीही सगळं साधत नाही. श्रवणयंत्र मोठे आवाज दाबतं आणि बारीक आवाज उचलतं. दोन यंत्रं आपापल्या परीनं हे करू लागली, की उजव्या-डाव्या जोरातला जो फरक मेंदूला हवा असतो तोच कमी होतो. त्यामुळे आता काही जोड्यांतली यंत्रं एकमेकांशी बिनतारी बोलून दोन्हीकडे सारखंच दाबतात. कानामागच्या यंत्राचा माइक वळ्यांच्या बाहेर असतो, म्हणून काही यंत्रं वळ्यांची खूणही हिशेबानं परत घालू पाहतात.

कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये, म्हणजे आतल्या कानात विद्युतअग्रं बसवून चेतातंतूंना थेट विजेचे ठोके देणाऱ्या यंत्रात, अडचण याहून खोल आहे. दोन्ही कानांत इम्प्लांट असले तरी दोन्हीकडचे विजेचे ठोके सहसा एकमेकांशी जुळवलेले नसतात. आवाजाच्या लाटेचं बारीक रूपही बहुतेक पद्धतींत गाळलं जातं. त्यामुळे अशा माणसांना दिशा कळते ती मुख्यतः जोराच्या फरकावरून. वेळेची खूण त्यांच्या हाती फारशी लागत नाही. दोन यंत्रांची घड्याळं मायक्रोसेकंदांपर्यंत जुळवायची, आणि आतल्या कानातल्या प्रत्येक विद्युतअग्राची जोडी पलीकडच्या कानातल्या योग्य अग्राशी लावायची, या कामात आज अनेक प्रयोगशाळा गुंतल्या आहेत. दोन्हीकडच्या ठोक्यांवर थेट ताबा ठेवून घेतलेल्या चाचण्यांत काही रुग्णांना शंभर-दोनशे मायक्रोसेकंदांचा फरक ओळखता आला आहे.